न पाहिलेल्या गाडीची आठवण

जी वस्तू आपण कधी पाहिलीच नाही, तिची आठवण होऊ शकते काय? तर्काला विचारले तर तो तत्काळ नकार देईल. आठवणीस अनुभव लागतो, अनुभवास इंद्रिये लागतात आणि इंद्रियांपुढे प्रत्यक्ष वस्तू असावी लागते. यांतील एक कडी तुटली की सारी साखळीच तुटली. परंतु माणसाचे मन तर्काच्या आज्ञेत राहते, असे म्हणण्याचे धाडस तर्कपंडितही करणार नाहीत. पानिपत आपल्यापैकी कोणी पाहिले आहे? तरी ते नाव उच्चारताच मराठी माणसाच्या अंतःकरणात जे हलते, त्याला नुसती ऐतिहासिक माहिती म्हणता येत नाही. तीही एक आठवणच आहे. फक्त ती कानांवाटे, वडीलधाऱ्यांच्या तोंडून, पिढ्यान्‌पिढ्या झिरपत आलेली आहे. अशा आठवणीला निदान एक वंशावळ असते. छायाचित्रातून येणारी आठवण मात्र बेवारस असते. कोणा अनोळखी माणसाने, अनोळखी जागी, स्वतःच्या हौसेसाठी टिपलेला एक क्षण कागदावरून उठतो आणि आपल्या मनात बिऱ्हाड करून राहतो. त्या क्षणावर आपला हक्क किती, आणि त्याच्यापायी लागणारी हुरहूर कितपत प्रामाणिक, हा प्रश्न गेले काही महिने आमची पाठ सोडीत नाही.

प्रश्न गंभीर वाटला तरी त्याचे निमित्त साधे आहे. कॉलेज स्ट्रीटवरील जुन्या पुस्तकांच्या गाळ्यांतून हिंडताना, वेल्स नामक डोंगराळ मुलखातील खेड्यापाड्यांच्या रेल्वेची जुनी छायाचित्रे असलेले एक पुस्तक आमच्या हाती लागले. आम्ही केंद्र सरकारच्या एका कचेरीतील कारकून. आमच्या वेतनश्रेणीत वेल्स बसत नाही, आणि बसले असते तरी आता तेथे त्यांतले फारसे काही पाहावयास मिळाले नसते. ब्रिटनमधील न परवडणाऱ्या रेल्वेमार्गांची यादी करून ते बंद करावेत असा अहवाल डॉ. बीचिंग यांनी १९६३ साली दिला आणि पुढील काही वर्षांत वेल्सच्या दऱ्याखोऱ्यांतील कितीतरी मार्ग उखडले गेले. पुस्तकात होते ते त्यापूर्वीचे जग. डोंगराच्या कुशीत एकच फलाट, फलाटावर एक बाक, पाटीवर फलाटाइतकेच लांबलचक गावाचे नाव, आणि दोन डबे ओढणारे एक ठेंगणे इंजिन. पाने उलटता उलटता आमचा जीव कासावीस झाला. ज्या गावाचे नाव आम्हांस धड उच्चारता येत नाही, त्या गावची गाडी बंद झाली म्हणून कलकत्त्यात बसून एका मराठी कारकुनाने उसासा टाकावा, यात काहीतरी संशयास्पद आहे असे आम्हांस तत्क्षणी वाटले. दुःख जेव्हा इतके सुखद असते, तेव्हा त्याची झडती घ्यावी हे बरे.

वास्तविक वेल्सच्या त्या चिमुकल्या गाड्यांशी आपला अगदीच संबंध नाही असे नाही. तेथील फेस्टिनिओग रेल्वे १८३६ साली सुरू झाली ती डोंगरातल्या पाटीच्या दगडाच्या खाणींतून बंदरापर्यंत माल नेण्यासाठी. तिच्या रुळांतील अंतर दोन फुटांहूनही किंचित कमी होते. भरलेल्या वाघिणी उताराने आपोआप खाली येत, आणि रिकाम्या वाघिणी वर ओढून नेणारे घोडे खाली येताना स्वतःच्या खास वाघिणीत बसून येत! श्रमणाऱ्या जनावराला परतीचा प्रवास फुकट देणारी ही एकच रेल्वे आम्हांस ठाऊक आहे. १८६३ पासून तेथे वाफेची इंजिने धावू लागली, आणि इतक्या अरुंद रुळांवर इंजिन चालू शकते हे प्रत्यक्ष पाहावयास १८७० साली देशोदेशीचे अभियंते तेथे जमले. आपल्याकडे गायकवाडांच्या राज्यात डभोईस १८६२ सालीच अरुंद रूळ पडले होते व त्यांवरून बैल डबे ओढीत होते. इंजिने आली ती पुढे १८७३ साली. तेथे घोडे, येथे बैल. सारांश, अरुंद रुळांची रेल्वे ही मुळात गरिबाघरची लेक. जेथे मोठी रेल्वे परवडत नाही, तेथे ती जाते. आणि जेथे कोणी जात नाही तेथे जाते म्हणूनच ती चित्रात सुंदर दिसते. या शेवटल्या वाक्यातच आमच्या प्रश्नाचे मूळ आहे. पण त्याकडे वळण्यापूर्वी वेल्स सोडून हुगळीच्या काठी आले पाहिजे.

कलकत्त्याच्या भोवतीही अशा रेल्वेचे एक जाळे होते, हे येथे जन्म काढलेल्या अनेक मराठी कुटुंबांनाही ठाऊक नसते. मार्टिन कंपनी ही सर ॲक्विन मार्टिन आणि राजेंद्रनाथ मुखर्जी यांची. ज्या कंपनीने पुढे व्हिक्टोरिया मेमोरियलची संगमरवरी इमारत उभारली, तिनेच हावड्याहून आमता आणि शियाखाला या दोन गावांकडे दोन फुटी रुळांच्या गाड्या १८९७ सालापासून सोडल्या. कदमतल्यापर्यंत वाट एकच, मग फाटा. आमत्याची गाडी डोमजूर, बडगाछिया, मुन्शीरहाट, माजू अशी भातखाचरांतून जाई. बारासात-बसिरहाटची गाडीही मार्टिनचीच. ती १९५५ साली बंद झाली. दक्षिणेकडे मॅक्लिऑड कंपनीची कालीघाट-फलता रेल्वे होती. ती १९१७ साली सुरू झाली आणि १९५७ साली संपली. तिचे रूळ जेथे होते तेथे आज जेम्स लाँग सरणी हा वाहता रस्ता आहे. ज्या पाद्रीसाहेबांनी 'नीलदर्पण' नाटकाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले आणि निळीच्या मळ्यांतील रयतेचे दुःख छापले म्हणून १८६१ साली तुरुंगवास भोगला, त्यांचे नाव या रस्त्याला आहे. रूळ पुसले गेले आणि दुसऱ्यांचे दुःख छापणाऱ्याचे नाव वर आले, हा योगायोग आम्हांस पुष्कळ दिवस विचारात पाडीत आला आहे. बांकुडा-दामोदर रेल्वेची तर आद्याक्षरे घेऊन लोकांनीच तिचे 'बडो दुःखेर रेल' असे बारसे केले होते. आमता आणि शियाखाला या दोन्ही गाड्या मात्र तगून राहिल्या. मोटारबसशी झुंजत, वाढत्या तोट्याने खंगत, त्या १९७१ च्या १ जानेवारीस बंद झाल्या. तोपर्यंत त्यांनी त्र्याहत्तर वर्षे सेवा केली होती.

वेल्सच्या पुस्तकाने चाळविलेले मन स्वस्थ बसेना, म्हणून आम्ही मार्टिनच्या गाडीची छायाचित्रे जमवू लागलो. जुन्या नियतकालिकांतून, इंग्रजी पुस्तकांतून, कोणाच्या संग्रहातून उतरवून घेतलेली अशी बरीच मिळाली. त्यांतील पुष्कळशी परदेशी शौकिनांनी काढलेली आहेत. जगातून वाफेची इंजिने नाहीशी होऊ लागली तेव्हा ती पाहण्यासाठी हे लोक हिंदुस्थानात येत, उन्हातान्हात रुळांच्या कडेला तासन्‌तास उभे राहत, आणि एकेका इंजिनाचे चित्र टिपून नेत. त्यांच्या चिकाटीबद्दल आम्हांस आदरच आहे. ते नसते तर ही गाडी कशी दिसत होती हेही आज कळले नसते. आपल्या लोकांना, मराठी काय आणि बंगाली काय, रोजच्या वस्तूचे चित्र काढून ठेवण्याची सवय नव्हती, आणि ज्याला रोज त्या गाडीने जावे लागे त्याच्यापाशी कॅमेराही नव्हता.

पण या छायाचित्रांखालचा मजकूर वाचताना एक गोष्ट ध्यानात आली. इंजिनाचा क्रमांक आहे. पुढची चाके किती, मागची किती हे आहे. कोणत्या कारखान्यात, कोणत्या साली बांधले हेही आहे. इंजिनाच्या पायरीवर एक पाय ठेवून, डोक्याला फडके गुंडाळलेला एक मनुष्य सरळ कॅमेऱ्याकडे पाहत उभा आहे; त्याचे नाव नाही. निशाण घेतलेला गार्ड आहे. त्याचे नाव नाही. टपावर, दारांत, डब्यांच्या सांध्यांवर माणसे दाटीने बसली आहेत. त्यांच्याविषयी 'गर्दी' एवढाच शब्द. आमच्यासारख्या फायलीत जन्म घालविणाऱ्यास ही रीत अपरिचित नाही. आवक क्रमांक असतो, जावक क्रमांक असतो, विषय असतो, मागील पत्राचा संदर्भ असतो. ज्याच्या अर्जावरून हे सारे उद्भवले तो मनुष्य तिसऱ्या टिपणीपासून पुढे 'अर्जदार' होतो आणि सातव्या टिपणीपासून तेवढाही उरत नाही. तथापि फाईल कोणी प्रेमाने लिहीत नाही. प्रेमाने टिपलेल्या चित्रातही माणूस असाच गळून पडावा, याचे आम्हांस वैषम्य वाटले.

याच सुमारास ही चित्रे आमच्या शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांस दाखविण्याचा योग आला. सारी गल्ली त्यांस जेठामोशाय म्हणते, म्हणून आम्हीही म्हणतो. वय ऐंशीच्या पुढे. मूळ गाव मुन्शीरहाटच्या बाजूला. विद्यार्थिदशेत आणि पुढे नोकरीच्या पहिल्या वर्षांत ते याच गाडीने हावड्यास ये-जा करीत. चित्रे पाहून त्यांचे डोळे भरून येतील, ते जुन्या गोष्टी सांगू लागतील, अशी आमची अटकळ होती. त्यांनी चष्मा पुसला, एकेक चित्र खिडकीच्या उजेडात धरून पाहिले, आणि इंजिनांची चित्रे एका बाजूस ठेवीत गेले. डबे दिसत होती तेवढी चित्रे तेवढी त्यांनी दुसऱ्यांदा हाती घेतली. आम्ही विचारले, "जेठामोशाय, इंजिने आवडली नाहीत काय?" ते म्हणाले, "बाबा, इंजिन आम्ही पाहिले केव्हा? आम्ही मागच्या डब्यात होतो. इंजिन पाहावयाचे तर गाडीखाली उतरून उभे राहावे लागते, आणि मी उभा राहिलो असतो तर माझी कचेरी चुकली असती."

त्यांनी हे कोणत्याही कडवटपणाने म्हटले नाही. ती त्यांच्या दृष्टीने एक साधी वस्तुस्थिती होती. पण आमच्या मनातील गुंता नेमका कोठे आहे ते त्या एका वाक्याने दाखविले. छायाचित्र काढणारा मनुष्य कोठे उभा असतो? ज्याला गाडीत चढावयाचे नाही, तो जेथे उभा राहू शकतो तेथे. वळणावर, टेकाडावर, पुलाच्या कडेला. तेथून गाडी संपूर्ण दिसते, आणि संपूर्ण दिसते म्हणून सुंदर दिसते. डब्यातल्या माणसाला गाडी कधीच दिसत नाही. त्याला समोरच्याचा खांदा दिसतो, कोणाच्या तरी टोपलीतील भाजीचा वास येतो, डोळ्यांत कोळशाचा कण जातो. तेव्हा छायाचित्रातून जी आठवण आमच्यापर्यंत आली, ती गाडीची आठवण नव्हेच. गाडीत न बसणाऱ्याची आठवण आहे. आणि आमची हुरहूर म्हणजे, ज्याला त्या गाडीची गरज नव्हती त्याच्या डोळ्यांनी केलेली हुरहूर.

यावर असे म्हणता येईल, आणि आमच्या एका मित्राने म्हटलेही, की सौंदर्य सर्वत्र दुरूनच दिसते. डोंगर चढणाऱ्याला डोंगर दिसत नाही, म्हणून काय पायथ्याशी उभे राहून तो पाहणारा अपराधी ठरतो? मुद्दा खरा आहे. विभूतिभूषणांच्या 'पथेर पांचाली'तील दुर्गेला रेलगाडी पाहण्याची आस लागली होती आणि ती पुरी न होताच ती गेली. तिची आस खोटी होती असे कोण म्हणेल? तीही गाडीत बसणारी नव्हती. पण दुर्गेचे पाहणे आणि आमचे पाहणे यांत एक भेद आहे. दुर्गेला गाडी हवी होती, गाडी यावी, जावी, आपल्याला दिसावी. आम्हांस गाडी तशीच राहावयास हवी होती. तशीच, म्हणजे अरुंद, हळू, कोंदलेली, टपावर माणसे बसलेली. कारण त्यांतले काहीही सुधारले असते तर चित्र बिघडले असते. दुसऱ्याची गैरसोय आपल्या डोळ्यांच्या सोयीसाठी जपावी अशी ही इच्छा आहे, आणि ती कोमल भाषेत बोलते म्हणून ती कमी स्वार्थी ठरत नाही.

याचे उदाहरण आपल्याच मुलखात आहे. बार्शी लाईट रेल्वेचे नाव सोलापूर-लातूरकडच्या वाचकांस सांगावयास नको. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज अभियंत्याने अडीच फुटी रुळांची ही रेल्वे १८९७ साली कुर्डुवाडीजवळच्या बार्शी रोडपासून बार्शीपर्यंत आणली; १९०६ साली ती पंढरपुरास, १९११ साली लातुरास आणि १९२७ साली मिरजेस पोहोचली. आषाढी-कार्तिकीस वारकऱ्यांनी ओथंबलेल्या त्या गाडीची छायाचित्रे पाहून कोणाही मराठी माणसास गहिवर यावा. परमुलखात राहणाऱ्यांस तो थोडा अधिकच येतो. आमच्या ओळखीच्या एक आजीबाई, हाजरा रोडच्या महाराष्ट्र निवासात भेटल्या की, माहेरच्या या गाडीचे वर्णन करीत आणि ती मोठी झाली हे ऐकून हळहळत. २००० नंतरच्या दहा-अकरा वर्षांत टप्प्याटप्प्याने ती सारी लाईन रुंद झाली. मग आले २०१६ चे साल. लातूर शहराच्या नळांस पाणी उरले नाही, आणि एप्रिल महिन्यात मिरजेहून पाण्याच्या टाक्या भरलेली गाडी निघाली. पहिल्या खेपेस दहा वाघिणी होत्या, सुमारे पाच लाख लिटर पाणी. पुढे पन्नास वाघिणींची गाडी धावू लागली. ती कोणत्या वाटेने गेली? मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर. धाराशिवाला जवळ घेण्यासाठी बदललेला भाग सोडला, तर ती कॅलथ्रॉपचीच वाट. आमच्या गहिवराखातर ती अडीच फुटी ठेवली असती, तर त्या उन्हाळ्यात लातूरकरांस आम्ही काय पाजणार होतो? छायाचित्रे?

एवढ्यावरून कोणी असा निष्कर्ष काढील, की जुने ते मोडावे आणि नवे ते करावे, उसासे टाकू नयेत. आम्ही तसे म्हणत नाही, आणि आमता लाईन तसे म्हणूही देत नाही. बार्शीची लहान गाडी गेली ती मोठीला जागा देऊन. आमत्याची गेली ती कोणालाच जागा न देता. १९७१ च्या नववर्षदिनी लोक उठले तेव्हा गाडी नव्हती. गार्ड, फायरमन, सांधेवाले, तिकीट-बाबू यांची उपजीविका एका तारखेवर संपली. मोठ्या रुळांची गाडी बडगाछियापर्यंत यावयास १९८४ साल उजाडले, आणि आमत्यापर्यंत पोहोचावयास त्यापुढे आणखी वीस वर्षे गेली. ज्या मुलाच्या जन्मवर्षी मार्टिनची गाडी थांबली, तो तेहेतीस वर्षांचा होईपर्यंत आमत्यास रेल्वे नव्हती. आज आमच्या विदर्भात यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर या वाटेवरील 'शकुंतला'ही अशीच थांबलेली आहे. कापसासाठी आलेल्या त्या गाडीचे १९२१ साली मँचेस्टरात बांधलेले इंजिन १९९४ पर्यंत राबले, त्यानंतर डिझेल आले, आणि मग तेही थांबले. तिच्याविषयी लिहिणाऱ्यांचे दोन वर्ग पडतात. एक वर्ग तिच्या नावातील गोडव्याविषयी आणि तिच्या मंद चालीविषयी लिहितो. दुसरा वर्ग ती रुंद करून परत द्या म्हणून वर्षानुवर्षे अर्ज करतो. पहिला वर्ग बहुधा पुण्या-मुंबईस राहतो.

तेव्हा उसासा टाकण्यात दोष नसून तो कशासाठी टाकला यात भेद आहे असे दिसते. वेल्समध्येच याचे एक विलक्षण उदाहरण घडले. पाटीच्या दगडासाठी १८६५ च्या सुमारास बांधलेली टॅलिलिन नावाची एक लहान रेल्वे होती. तिचा मालक १९५० साली वारला तेव्हा ती मोडीत निघणार हे उघड होते. रोल्ट नावाचे एक लेखक आणि त्यांचे काही स्नेही यांनी बर्मिंगहॅमात सभा भरवून एक मंडळ स्थापिले, आणि १९५१ च्या उन्हाळ्यात त्या मंडळाच्या स्वयंसेवकांनी स्वतः ती गाडी चालविली. गवतात बुडालेले रूळ उपटले, दगड फोडले, कोळसा ओढला. जगात स्वयंसेवकांनी वाचविलेली ही पहिली रेल्वे होय. या लोकांची हुरहूर त्यांच्या तळहातांवर घट्टे उमटवून गेली, आणि म्हणून तिच्याविषयी बोलताना आमचा आवाज आपोआप खाली येतो. तरीही एक शंका उरतेच. ती गाडी आज मुख्यतः हौशी प्रवाशांना घेऊन धावते. ज्या खेडुताला बाजारास जावयाचे होते त्याची सोय स्वयंसेवकांच्या घामानेही पुरती परत आली नाही. आणि ज्या खाणीसाठी ती जन्मली ती केव्हाच थांबली. स्वयंसेवकांचा हा दोष नव्हे. त्यांनी जे वाचविता येण्याजोगे होते ते वाचविले. परंतु गाडी वाचविणे आणि गाडी ज्याच्यासाठी होती त्याला वाचविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, एवढे त्यांच्या यशावरूनही दिसते.

इंजिनावर प्रेम करणे हा काही गुन्हा नव्हे, हेही येथे सांगितले पाहिजे, नाहीतर आमच्यावर अरसिकतेचा आळ येईल. इंजिनाच्या पायरीवर उभा असलेला तो अनामिक मनुष्य पाहा. पितळी पट्टी त्याने घासून लखलखीत केली आहे. पहाटे केव्हातरी उठून केली असली पाहिजे. त्याला त्या पट्टीबद्दल वेतनात एक पैसाही अधिक मिळत नसणार. त्याचे इंजिनावरचे प्रेम शौकिनाच्या प्रेमाहून कमी नव्हते. त्यात फक्त राख, भाजलेले मनगट आणि रात्रपाळी मिसळलेली होती. आम्हांस हेवा वाटावा तर त्या प्रेमाचा वाटावा. चित्र काढणाऱ्यानेही ती चकाकी पाहूनच कळ दाबली असेल. म्हणजे चित्रातले अर्धे सौंदर्य त्या मनुष्याच्या फडक्याचे आहे. आणि खाली नाव आहे ते कारखान्याचे.

या साऱ्यात आमचे स्वतःचे स्थान कोणते? आम्ही बंगाली नव्हे. येथील भाषा आम्हांस येते, मासळीचे भाव आम्हांस कळतात, दुर्गापूजेची वर्गणी आम्ही देतो. तथापि आमत्याच्या गाडीविषयी बोलताना आम्हीही रुळांच्या कडेला उभे असलेलेच. परप्रांतात राहणाऱ्या माणसाला दोन्हीकडे असेच उभे राहावे लागते. येथे त्याला गाडीत जागा नसते, आणि गावाकडची गाडी आता त्याच्या थांब्यावर थांबत नाही. गावाकडचे जे काही त्याच्यापाशी असते तेही हळूहळू छायाचित्रच होत जाते. वाडा पडून तेथे सिमेंटची इमारत झाली की तो हळहळतो, आणि त्या वाड्यात पावसाळाभर गळक्या छपराखाली भांडी मांडीत बसलेल्या भावजयीला इमारत हवी होती हे त्याला सुचत नाही. आपण बाहेर राहणारी मंडळी गावाच्या गैरसोयीवर फार प्रेम करतो. हे बोलणे काहींस झोंबेल. पण दिवाळी अंकांतून आमच्यासारख्यांनी लिहिलेल्या गावच्या आठवणी एकदा या दृष्टीने वाचून पाहाव्यात.

मार्टिनच्या गाडीचे हावड्याचे टोक हावडा मैदानाशी होते. आज तेथे जमिनीखाली मेट्रोचे स्थानक आहे. मार्च २०२४ पासून धर्मतल्याहून निघालेली गाडी हुगळीच्या तळाखालून पाऊण मिनिटात पलीकडे जाते आणि हावडा मैदानास उभी राहते. आरंभीच्या दिवसांत आम्हीही कचेरी सुटल्यावर महाकरण स्थानकातून मुद्दाम त्या गाडीत बसलो. गाडी नदीखाली शिरताच साऱ्या डब्याने एकदम हात वर केले. प्रत्येकाच्या हातात फोन होता आणि प्रत्येक जण चित्र घेत होता. जेठामोशायांच्या वाक्याला हे एक उत्तर आहे असे प्रथम आम्हांस वाटले. आता कॅमेरा डब्यात आला; आता चढणाराच टिपतो. पुढच्या पिढीला जी आठवण मिळेल ती कडेला उभ्या असलेल्याची नसेल, आत बसलेल्याची असेल. पण थोडे निरखून पाहता दिसले, की बहुतेकांचे फोन एकतर खिडकीबाहेरच्या निळ्या दिव्यांकडे होते, नाहीतर स्वतःच्या चेहऱ्याकडे. शेजारच्याचे चित्र कोणी काढीत नव्हते. आम्हीही काढले नाही. आणि आमत्याची संध्याकाळची लोकल, जी आजही दारांपर्यंत भरून जाते, तिचे चित्र काढावयास आम्ही अजून कोणास पाहिले नाही. ती बंद होण्याची वाट पाहत असावेत.

जेठामोशायांकडे आम्ही आता रविवारी सकाळी जातो. इंजिनांची चित्रे त्यांनी आम्हांस परत केली आहेत. डब्यांची स्वतःपाशी ठेवून घेतली आहेत. एका चित्रात दाराशी लोंबकळणारा एक मनुष्य माजूचा असावा असे त्यांस वाटते, कारण त्या बाजूचे दोन भाऊ असे छत्री काखेत धरून चढत आणि पावसाळा असो वा उन्हाळा, ती कधी उघडीत नसत. नाव आठवत नाही. धाकटा पुढे कोठल्याशा गिरणीत लागला एवढे आठवते. चित्राच्या पाठीवर आम्ही पेन्सिलीने तेवढे लिहून ठेवले: माजूकडील दोघां भावांपैकी एक, बहुधा थोरला, छत्री. पायरीवरच्या मनुष्याविषयी मात्र ते काही सांगू शकले नाहीत. त्याला त्यांनी पाहिलाच नव्हता. तो पुढे होता. कदमतल्यास राहणारे त्यांचे एक आतेभाऊ आहेत, त्यांच्या वाड्याजवळ पूर्वी फायरमन लोकांची वस्ती होती म्हणतात. पावसाचा जोर ओसरला की त्यांच्याकडे जावयाचे ठरले आहे.